खोगीर, भरती आणि पहिल्या शिकारीचा घोडा



आपल्या समाजाचे नाव ज्या एका वस्तूवरून पडले, ती वस्तू आज आपल्यांतील क्वचितच एखाद्या घरात पाहावयास मिळेल. 'जीन' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ घोड्याच्या पाठीवरील आसन, आणि ते सिद्ध करणारा कारागीर तो जीनगर. कालगतीने आपली मंडळी मूर्तिकाम, चित्रकाम, पितळकाम, पुस्तकबांधणी व पुढे नाना प्रकारच्या नोकऱ्या-व्यवसायांकडे वळली. त्यामुळे घरातील एखाद्या मुलाने 'जीनगर म्हणजे काय?' असा प्रश्न केला, तर त्यास उत्तर मिळते, परंतु दाखविण्यास वस्तू मिळत नाही.

याउलट त्याच धंद्यातील दुसरा एक शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. सभेत निरुपयोगी माणसे जमविली, ग्रंथात निरर्थक मजकूर घातला, की आपण त्यास 'खोगीरभरती' म्हणतो. शब्द रूढ झाला तो झालाच, त्याविषयी भाषेशी भांडण्यात अर्थ नाही. तथापि ज्या भरतीवरून हा उपहास जन्मला, ती खरोखरच इतकी क्षुल्लक होती काय, याचा विचार निदान आपण तरी करावयास हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते ती क्षुल्लक मुळीच नव्हती, आणि हे समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एखादा तरुण घोडा शिकारीच्या पहिल्या दिवसासाठी कसा तयार केला जात असे, ते क्रमाने पाहणे हा होय.

शिकारच का, अशी शंका कोणी घेईल. दख्खनच्या राज्यकर्त्यांत अश्वारूढ शिकारीची परंपरा फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेस मोठे स्थान असून अश्वांच्या परीक्षेचा व शिक्षणाचाही विचार केलेला आहे. सातारच्या शाहू महाराजांस (राज्यारोहण १७०८, निधन १७४९) शिकारीचा विलक्षण नाद होता. त्यांच्या आवडत्या कुत्र्याने एका शिकारीत त्यांचे प्राण वाचविले असे सांगतात, आणि त्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुली येथे दाखविली जाते. कुत्र्याची समाधी झाली हे योग्यच झाले. परंतु त्याच शिकारींत महाराजांस पाठीवर वाहून नेणारे घोडे, आणि त्या घोड्यांच्या पाठी शाबूत राखणारे कारागीर, यांची आठवण कोणत्याही दगडावर कोरलेली नाही, हेही येथे नमूद करून ठेवतो. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले तेव्हा तरुण पेशवे सवाई माधवराव यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, तो पुष्कळसा शिकारीच्या स्वाऱ्यांतूनच. पुढे १८११ पासून पुण्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन हाही घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याचा मोठा शोकी होता. मुंबई इलाख्यातील इंग्रज शिकारी लांब भाला काखेखालून धरीत, तर बंगालकडील शिकारी आखूड भाला वरून खाली मारीत, असा त्यांच्यात भेद असे.

या साऱ्याकडे केवळ चैन म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. शिकारीत घोड्यास अनोळखी भूमीवर भरधाव जावे लागते, ओढे-नाले ओलांडावे लागतात, समोरून उलटून येणाऱ्या जनावरापुढे डगमगता येत नाही, आणि एवढ्या धांदलीत स्वाराच्या हातातील शस्त्र डोळ्यांसमोर हलत असता बुजून चालत नाही. लढाईत याहून वेगळे काय लागते? फरक इतकाच की शिकारीत कच्चा घोडा फसला तर हानी एका घोड्याची व एका स्वाराची, लढाईत फळी फुटण्याचे भय. म्हणून शिकारीचा पहिला दिवस ही तरुण घोड्याची खरी परीक्षा होती, असे मानावयास हरकत नाही.

आता घोडा. मराठ्यांच्या फौजेचा नावाजलेला घोडा म्हणजे भीमा व नीरा या नद्यांच्या थडीवर पैदा होणारा भीमथडी. तो अंगाने लहानखोर, दिसण्यात अरबी घोड्याची शान नाही, परंतु काटक, अल्पसंतुष्ट आणि खडकाळ वाटेवर पाय न चुकणारा. मध्यंतरी ही जात नामशेष झाल्यासारखीच मानली जात होती. २०२३-२४ मध्ये तिची स्वतंत्र अश्वजाती म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट होय. नद्यांच्या थडीवरील मेंढपाळ मंडळींनी बिऱ्हाड वाहण्यासाठी ही घोडी सांभाळली म्हणूनच ती टिकली, हे मात्र विसरता कामा नये.

घोडा घेताना भोवरे, गोम, पंचकल्याण इत्यादि शुभाशुभ लक्षणे पाहण्याची चाल होती व ती पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे. त्या विषयात आम्ही शिरत नाही. चाणाक्ष माणूस त्याआधी घोड्याचे तोंड उघडून दात पाही. घोड्याचे दुधाचे दात पुढून जोडीजोडीने पडतात: पहिली जोडी सुमारे अडीच वर्षांच्या वयास, दुसरी साडेतीनच्या, तिसरी साडेचारच्या सुमारास. तिन्ही जोड्या बदलल्या की घोडा 'भरला' असे समजावे. त्यापूर्वी त्यास भरधाव पिटाळणे म्हणजे कच्च्या विटांवर मजला चढविणे होय. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्हे व तो कोठून आला याची लेखी नोंद ठेवावी असे सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

घोड्याच्या वर्षाचा आरंभ आपल्या देशात पावसाळ्याने होई. सभासदाने आपली बखर सुमारे १६९७ साली जिंजी येथे लिहिली. तिच्यात शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था वर्णिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालवाला व एक नालबंद. लष्कर पावसाळ्यात छावणीस परत यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे, घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असाव्या, आणि दसरा होताच कूच करावे, असा नियम होता. चिपळूणच्या बाजूस असलेल्या छावणीतील अंमलदारांस महाराजांनी पाठविलेले पत्र तर सुप्रसिद्धच आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेच्या काडीस हात लावू नका, आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवतास आग लागेल, असा त्यातील आशय आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करतो, यावरून घोड्याचे मोल काय होते ते कळावे.

चार महिने ठाणावर बांधलेला घोडा दिसावयास तुकतुकीत दिसतो, पण ते तेज फसवे असते. पोट सुटलेले, मांस मऊ, दम तोकडा. अशा घोड्यास दोन फर्लांग पळविले की साबणाच्या फेसासारखा पांढरा घाम सुटतो. तयार घोड्याचा घाम पाण्यासारखा असतो व लवकर वाळतो. म्हणून पाऊस ओसरू लागताच पहिले दोन-तीन आठवडे त्यास नुसते चालवीत, मग दुडकी, मग थोडी दौड, आणि दौडीनंतर श्वास किती वेळात मूळ पदावर येतो यावर लक्ष. हिरवे गवत क्रमाने कमी करून कडबा व भिजविलेल्या हरभऱ्याची चंदी वाढवीत. कोकणात व दक्षिणेकडे हरभऱ्याच्या ठिकाणी शिजविलेले कुळीथ असत. मोतद्दार सकाळ-संध्याकाळ खरारा करी, त्याचा हेतू केवळ कातडी चकचकीत करणे हा नव्हता. हाताने रगडल्याने मांस घट्ट होते, आणि मुख्य म्हणजे रोज हात फिरविणाऱ्यास पाठीवरील बारीकशी गाठ, पायातील किंचितशी ऊब तत्काळ जाणवते.

यानंतरचे शिक्षण चाबुकस्वाराच्या हाती. नाव जरी चाबुकाचे, तरी ज्यास चाबूक वारंवार उगारावा लागे तो चाबुकस्वार कसला! लांब दोरीवर घोड्यास गोल फिरविणे, म्हणजे कावा देणे, येथून आरंभ. मग पाठीवर रिकामे जीन, मग वजन, शेवटी माणूस. ढोल-ताशांचा, बंदुकीचा आवाज दुरून ऐकवून हळूहळू जवळ आणीत. भाल्याची सवय लावणे हे सर्वांत जिकिरीचे. कोवळ्या घोड्यास आपल्या डोळ्यामागून पुढे आलेल्या टोकाची भीती वाटते. म्हणून आधी जमिनीवरून भाला त्याच्या अंगास हलकेच लावावा, मग स्वाराने आडवा घेऊन नुसते चालत जावे, पुढे तो एका बाजूकडून दुसरीकडे न्यावा. एखादा घोडा आठ दिवसांत समजतो, एखाद्यास दोन महिने लागतात. घाई करणारा स्वार पुढे त्याचे फळ भोगतो.

नालबंदाविषयी थोडक्यात. आपल्या डोंगराळ मुलखात चारही पायांस नाल हवेच. शिलेदारास चाकरीच्या आरंभी जी आगाऊ रक्कम मिळे तिला 'नालबंदी' म्हणत, यावरून हा खर्च किती अपरिहार्य समजला जाई ते दिसते. नवे नाल शिकारीच्या आदल्या दिवशी मारू नयेत, निदान चार-सहा दिवस आधी मारावेत, म्हणजे एखादा खिळा मर्मात गेला असल्यास लंगड आधीच दिसून येते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. साजात लगाम, तंग, रिकीब, दुमची, पेशबंद, जेरबंद इतकी अंगे असली तरी त्यांत घोड्याच्या आयुष्याशी ज्याची गाठ ती जीन अथवा खोगीर यांची. जीनात लाकडी सांगाडा असतो, खोगीर हे बहुधा सांगाड्यावाचून, शिवून भरलेल्या गाद्यांचे. दोन्हींचे तत्त्व एकच: स्वाराचा भार कण्यावर पडता कामा नये, कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर सारखा वाटला गेला पाहिजे. कण्यावरून आरपार हवा खेळावी असा मार्ग मध्ये मोकळा असावा, आणि मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्यावर, स्वार बसल्यानंतरही, दोन-तीन बोटे शिरतील एवढी जागा राहावी. ती जागा राहिली नाही तर दोन कोसांत कातडी सोलते, दोन दिवसांत जखम होते, आणि मग लाख होनांचा घोडा असला तरी तो ठाणावर उभा.

ही जागा राखते ती भरती. लोकर पिंजून, तिच्यातील गाठ न् गाठ काढून, ती थोडी थोडी आत सारावी लागते. एकदम कोंबली तर गोळे होतात, आणि एकेक गोळा पाठीत खड्यासारखा रुततो. कापूस स्वस्त खरा, परंतु घामाने भिजून त्याची ढेप बनते. लोकर दाबली तरी पुन्हा उसळते. चिंध्यांची भरती करणारेही असत, आणि उपहासाचा शब्द बहुधा त्यांच्याच कृपेने जन्मला असावा असा आमचा तर्क आहे! दोन्ही गाद्या सारख्या भरणे हे तर हाताचेच कसब. तागडीत घालून सारख्या वजनाच्या केल्या तरी काम भागत नाही, कारण घोड्याची पाठ दोन्ही अंगांस क्वचितच सारखी असते.

त्यातही खरी अडचण पुढेच आहे. दसऱ्याच्या सुमारास घोडा भरलेला असतो. त्या वेळी पाठीस बेतून बसविलेले खोगीर महिनाभराच्या श्रमानंतर त्याच पाठीस बसत नाही, कारण मांस उतरते, पाठीचा आकार पालटतो, आणि दसऱ्यास अचूक असलेले खोगीर दिवाळीनंतर कण्यावर टेकू लागते. म्हणून भरती हे एकदा करून टाकण्याचे काम नव्हे. ते मोसमभर चालते: अस्तरास बारीक चीर द्यावी, सळईने लोकर इकडची तिकडे सरकवावी, कोठे घालावी, कोठे काढावी, तळहाताने दाबून पाहावे, पुन्हा शिवावे. घोड्याच्या पाठीशी कारागिराचे असे हे सततचे संभाषण असे. पहिल्या शिकारीचे महत्त्व जीनगरास वाटे ते याच कारणाने. चालीत व दुडकीत लपून राहिलेला दोष भरधाव दौडीत उघडा पडतो.

लगामाविषयी एवढेच सांगतो की काटेरी कडियाळी, म्हणजे घोड्याच्या तोंडातील काटे असलेले लोखंड, आपल्याकडे पुष्कळ वापरात होते. त्याने घोडा जागच्या जागी वळतो हे खरे, पण कोवळे तोंड एकदा बधिर झाले की मग कोणतेच लोखंड उपयोगी पडत नाही.

शिकारीचा दिवस उजाडला म्हणजे काय होई? दाणा तीन-चार तास आधी आटोपलेला असावा, भरल्या पोटी दौड म्हणजे पोटशूळास निमंत्रण. नमदा घालताना केस मागे सपाट बसावेत म्हणून तो किंचित पुढे ठेवून मग मागे ओढीत. तंग आवळताना चतुर घोडा पोट फुगवून धरतो. म्हणून आधी बेताचा आवळून थोडे चालवावे आणि मग पुन्हा दोन बोटे शिरतील इतका कसावा. हे दुसऱ्यांदा कसणे जो विसरला तो पहिल्याच ओढ्यात खोगिरासह घोड्याच्या पोटाखाली गेला म्हणून समजावे. नवा घोडा कधीही एकटा वा सर्वांपुढे काढीत नसत. एखादा जुना, शांत घोडा बाजूस असला की नव्याचा अर्धा धीर तेथेच बांधला जातो.

रानडुकरे उसाच्या फडांत, नदीकाठच्या झाडीत दडून राहतात. हाकाऱ्यांचा गलका झाला की ती मोकळ्या रानात निघतात. डुक्कर दिसते जड, पण पहिल्या पल्ल्यास ते चांगल्या घोड्यास दमवते आणि दमले की एकाएकी वळून अंगावर येते. काळ्या जमिनीस पडलेल्या भेगा हे आपल्या देशातील दुसरे संकट. गवताखाली त्या दिसत नाहीत, व पाय अडकला की हाड मोडते. येथे स्वाराने घोड्याचे डोके मोकळे सोडावे, तोल आपला आपण सांभाळू द्यावा. भीमथडी घोड्याची कीर्ती झाली ती अशाच ठिकाणी. इंग्रज शिकारी उंच अरबी घोडे पसंत करीत, आणि सपाटीवर त्यांची निवड योग्यच होती.

पहिल्या दिवशी घोड्याने डुक्कर गाठले की नाही, याची चर्चा स्वार करीत बसत. पागेत परतल्यावर जीनगराचे काम निराळेच असे. शेवटचा कोस घोडा चालत आणलेला असावा. आल्याबरोबर तंग सैल करावा, परंतु जीन लगेच उतरू नये, कारण तापलेल्या, दबलेल्या पाठीवरून भार एकदम काढला तर तीवर फोड येतात. पाठ निवाल्यावर जीन उतरवून ओली पाठ पाहावी. सर्वत्र सारखा घाम असेल तर भरती उत्तम. घामाच्या मध्येच एखादा कोरडा डाग दिसला तर तेथे भार इतका पडला आहे की घामही फुटू शकला नाही, असे समजावे, आणि त्याच रात्री खोगीर उसवावे. जुन्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात, ते कोणाच्या तरी कोरड्या डागाकडे केलेल्या दुर्लक्षाची खूण होय.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि या कामाचा मोठा आश्रय गेला. काही काळ इंग्रजांच्या शिलेदारी पलटणींत, जेथे स्वार आपला घोडा व साज आपणच आणी, देशी कारागिरास थोडा वाव उरला. १८१७ च्या पुणे तहानंतर उभे राहिलेले पूना हॉर्स हे त्या परंपरेतील एक प्रसिद्ध दळ. परंतु कानपूरच्या सरकारी कारखान्यात एकाच मापाची हजारो खोगिरे होऊ लागली, १९२१ च्या सुमारास शिलेदारी पद्धतच बंद झाली, संस्थाने १९४७ नंतर विलीन झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटला. तो कायदा झाला हे उत्तम झाले. शिकार गेल्याचे दुःख आम्हांस नाही. तिच्यासोबत जे हाताचे ज्ञान गेले त्याची साधी यादीही कोणी करून ठेवली नाही, एवढेच आमचे म्हणणे.

ती यादी अजूनही अंशतः करता येईल. ज्या घरांच्या माळ्यावर जुनी आरी, भरतीची सळई, लाकडी सांगाडा अथवा त्याचा तुकडा, जुन्या हिशेबाची वही असे काही पडून असेल, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून, वस्तू कोणत्या गावची व कोणाच्या हातची ते लिहून स्मरणिकेच्या संपादकांकडे द्यावे. हत्याराचे नाव आजी-आजोबा ज्या उच्चाराने घेत, त्याच उच्चाराने लिहावे, शुद्ध करून लिहू नये.